रेसिंगचं लायसन्स कसं मिळतं आणि मुंबईकराने पहिल्या रेसला कसं उतरावं

२०२५ मध्ये नवी मुंबईत स्ट्रीट रेस, म्हणजे शहरातले रस्ते बंद करून लावलेली अधिकृत शर्यत, भरवण्याची घोषणा झाली आणि कार रेसिंग हा विषय एकदम घराघरात आला. त्याच वर्षी जानेवारीत तमिळ अभिनेते अजित कुमार यांच्या संघाने दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा क्रमांक पटकावला होता. तेव्हापासून अनेकजण विचारतात, की नोकरी-धंदा करणाऱ्या सामान्य माणसाला यात उतरता येतं का?

येतं. बातमीत दिसणाऱ्या शहरातल्या रेसमध्ये पहिल्याच वर्षी जागा मिळणार नाही, पण अधिकृत लायसन्स काढून खऱ्या ट्रॅकवर, खऱ्या स्पर्धेत उतरता येतं. लायसन्स मिळवणं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते गर्दीत गाडी अशी चालवणं, की पुढच्या क्षणी तुम्ही काय करणार हे मागच्या-पुढच्या प्रत्येकाला आधीच कळावं. प्रशिक्षण, झेंडे, तपासण्या, दंड अशी लायसन्सभोवतीची सगळी व्यवस्था त्याच एका गोष्टीसाठी उभी आहे. तुम्ही किती वेगवान आहात हे लायसन्स देताना कोणी पाहत नाही. इतरांना तुमच्यापासून धोका नाही ना, एवढंच पाहतात.

आरटीओच्या लायसन्सपेक्षा हे वेगळं कसं?

आरटीओचं लायसन्स सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवण्याचं. रेसिंगचं लायसन्स देते ती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय. या संस्थेचं कार्यालय चेन्नईत आहे. जगभरातल्या कार रेसिंगचे नियम ठरवणारी संस्था एफआयए, आणि तिने भारतापुरती मान्यता दिलेली संस्था ही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचीही तिला मान्यता आहे.

लायसन्स खेळाच्या प्रकारानुसार मिळतं. कार्टिंगचं वेगळं, रॅलीचं वेगळं, सर्किट म्हणजे बंदिस्त ट्रॅकवरच्या रेसिंगचं वेगळं. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्याला ओळखपत्र, फोटो, वयाचा पुरावा, रक्तगट आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र लागतं. रॅलीत दोन टप्प्यांमधलं अंतर चालू रस्त्यावरून कापायचं असल्यामुळे तिथे आरटीओचं लायसन्सही लागतं. सर्किटवर पहिल्यांदा उतरणाऱ्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि खरा वेळ व पैसा त्यातच जातो.

लायसन्सची मुदत कॅलेंडर वर्षापुरती असते. ऑक्टोबरात काढलं तरी ते ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून पावसाळ्यानंतर अर्ज करणाऱ्याने आधी त्या वर्षी स्पर्धांच्या किती फेऱ्या शिल्लक आहेत ते पाहावं. वैद्यकीय अर्जात फिट येणं, मधुमेह, रक्तदाब, जुन्या शस्त्रक्रिया यातलं काही असेल तर ते लपवू नये. ट्रॅकवर अपघात झाला तर तिथला डॉक्टर तोच कागद समोर धरून उपचार सुरू करतो.

कोस्टल रोडवर पहाटे कोणी नसतं, मग तिथे का नको?

कारण तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावली किंवा वेगाची चाचणी घेतली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. भाग घेणारा तर अडकतोच, शर्यत होऊ देणाराही अडकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी रस्ता या कामासाठी बांधलेला नसतो. ट्रॅकवर वळणाच्या बाहेरच्या बाजूला गाडी घसरत जाऊन थांबेल अशी मोकळी जागा असते, मग टायरांची भिंत असते. दर वळणावर मार्शल असतात, म्हणजे झेंडे दाखवणारे आणि मदतीला धावणारे प्रशिक्षित लोक. रुग्णवाहिका इंजिन सुरू ठेवून उभी असते, आणि तिची जागा रिकामी झाली की रेस थांबवतात. पाम बीच मार्गावर रात्री दोन वाजता यातलं काहीच नसतं. शिवाय पदपथावरून कोण उतरेल याचा नेम नाही.

मुंबईत ट्रॅक नाही, मग सुरुवात कुठे करायची?

मुंबईत कायमचं रेसिंग सर्किट नाही, हे खरं. राष्ट्रीय कार रेसिंगच्या फेऱ्या मुख्यतः दोन ठिकाणी होतात. एक चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किलोमीटर लांब, बारा वळणांचा. दुसरा कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट याहून मोठं, पाच किलोमीटरच्या वर. फॉर्म्युला वनच्या रेस २०११ ते २०१३ या काळात तिथेच झाल्या. पण नवख्यासाठी चेन्नई आणि कोईमतूर हीच खरी गावं. दोन्ही मुंबईपासून बाराशे-तेराशे किलोमीटरवर. त्यामुळे मुंबईकराचं गणित 'सराव इथे, रेस तिथे' असंच बसतं.

सरावासाठी कार्टिंगसारखा पर्याय नाही. कार्ट म्हणजे जमिनीलगतची, स्प्रिंग किंवा शॉकअप नसलेली छोटी रेसगाडी. मुंबई परिसरात भाड्याने मिळणाऱ्या कार्टचे ट्रॅक आहेत. त्यातले काही बंद पडतात, काही नवे निघतात, म्हणून जाण्याआधी फोन करावा. गंभीरपणे शिकायचं तर कोल्हापूरजवळ हुपरीला मोहिते यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि एका शनिवार-रविवारात तिथे जाऊन येता येतं. भाड्याच्या कार्टला हसू नये. तिला ताकद कमी असते, म्हणून चूक झाली की गेलेला वेग परत यायला वेळ लागतो आणि कुठे चुकलं ते लगेच कळतं. फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीवर, रेस जिंकणारा पहिला भारतीय जेहान दारूवाला मुंबईचाच, आणि त्याची सुरुवातही कार्टिंगनेच झाली.

कार्टशिवाय आणखी तीन सोपे दरवाजे आहेत. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर शंकू लावून आखलेल्या वाटेवर एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते, त्यामुळे धडकण्याची भीती जवळजवळ नसते. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेत पाव मैल, साधारण ४०२ मीटर. लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा भरतात. तिसरा प्रकार टीएसडी, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ. यात वेगाची शर्यत नसतेच. ठरवून दिलेला सरासरी वेग कोण अचूक पाळतो ते पाहतात, आणि लवकर पोचलात तरी गुण कापतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी जी रॅली भरवते ती याच प्रकारची. कागदपत्रं, तपासणी, वेळेचे नाके हे सगळं अंगवळणी पडायला टीएसडी उत्तम. गाडीवरचा ताबा मात्र त्यातून शिकायला मिळत नाही.

स्पर्धा निवडताना एकच खात्री करा: तिला एफएमएससीआयचा परवाना आहे का, आणि तिची पूरक नियमावली हातात मिळते का. पूरक नियमावली म्हणजे त्या एका स्पर्धेपुरते लागू असलेले नियम, वेळापत्रक आणि अधिकाऱ्यांची नावं. हा कागद दाखवता आला नाही तर पैसे भरू नका. मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरल्याबद्दल लायसन्सधारकावर कारवाईही होऊ शकते.

माझी गाडी चांगली आहे, तीच घेऊन उतरलो तर?

घरात असेल ती विम्याची पॉलिसी काढा आणि 'वापरावरील मर्यादा' हा परिच्छेद वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे असं लिहिलेलं असतं, की आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. म्हणजे सर्किटवर गाडी भिंतीला लागली तर पूर्ण खर्च तुमचा. टीएसडीसारख्या संथ स्पर्धेतही हे कलम आडवं येऊ शकतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. आयोजकांनी स्पर्धेपुरता विमा काढला असेल तर त्यात काय येतं, फक्त तिसऱ्या पक्षाचं नुकसान की तुमचंही, हे लेखी विचारा.

आरोग्य विम्याचंही तसंच. प्रमाणित वगळणुकांमध्ये मोटर रेसिंगचं नाव आहे, पण तिथे 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असे शब्द आहेत. हौशी स्पर्धकाला याचा फायदा मिळायला हवा, पण वाद दवाखान्यात घालायचा नसेल तर कंपनीकडून आधीच ईमेलवर उत्तर मागवून ठेवा. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी बहुतेक वेळा याहून कडक असतात.

दुसरी अडचण गाडीचीच. रेसच्या गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, रेसिंग सीट, सहा ठिकाणी बांधला जाणारा पट्टा, आग विझवण्याची सोय आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा मुख्य स्विच लागतो. हे सगळं बसवल्यावर ती गाडी रोज ऑफिसला न्यायच्या लायकीची राहत नाही. रस्त्यावरच्या गाडीत पिंजरा बसवणं तर धोक्याचंच आहे, कारण हेल्मेट नसलेलं डोकं साध्या अपघातातही त्या नळीवर आपटतं. आरटीओच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल केल्याचा प्रश्न आणखी वेगळा.

म्हणून पहिल्या वर्षी गाडी भाड्यानेच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. संघ गाडी, मेकॅनिक, टायर आणि पेट्रोल पुरवतो. तुम्ही हेल्मेट, सूट वगैरे अंगावरचं साहित्य घेऊन जाता. जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेतला नोव्हिस कप नवख्यांसाठीच आहे. त्यात धावणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला फोर गाड्या एकसारख्या असतात, एकआसनी, छत नसलेल्या, मारुती सुझुकीच्या १.३ लिटर इंजिनाच्या. सगळ्यांची गाडी सारखी असल्यावर मागे पडण्याचं खापर गाडीवर फोडता येत नाही. शिकण्यासाठी हीच परिस्थिती चांगली.

पैसे भरण्याआधी संघाला विचारायचे प्रश्न असे: भाड्यात सराव सत्रं किती? टायरचे नवे संच किती? गाडीचं नुकसान झालं तर किती रकमेपर्यंत मी देणार, आणि सुट्या भागांची दरसूची आहे का? इंजिन माझ्या चुकीशिवाय बसलं तर? पाऊस किंवा अपघातामुळे सत्र रद्द झालं तर? खर्चाच्या अंदाजाला खिंडार पाडतो तो नुकसानीचा मुद्दा. पुढचा पंखा, म्हणजे नाकाला असलेली पट्टी, आणि चाकाला धरून ठेवणारे दांडे छोट्याशा धक्क्यातही जातात, आणि एका रेसमध्ये ते दोनदाही जाऊ शकतात.

रोज एक्स्प्रेसवेवर गाडी चालवतो, प्रशिक्षणात नवीन काय शिकायचं?

जवळजवळ सगळंच. आणि त्याची सुरुवात टायरपासून होते.

टायरची पकड ही ठरलेल्या पगारासारखी आहे. त्यातूनच ब्रेक मारायचा, त्यातूनच वळायचं, त्यातूनच वेग घ्यायचा. सगळा पगार ब्रेकवर खर्च केलात तर वळायला काही उरत नाही. वळणात शिरल्यावर घाबरून जोरात ब्रेक दाबला की गाडी सरळच निघून जाते ती यामुळे. म्हणून नवख्याला आधी शिकवतात ते हे: ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी, संपवायचा. मग वळायचं. स्टीअरिंग सरळ होत जाईल तसतसा ॲक्सिलरेटर वाढवायचा. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरण्याची पद्धत पुढची आहे. पहिल्या मोसमात ती न वापरल्याने फार काही बिघडत नाही.

वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते त्या बिंदूला एपेक्स म्हणतात. नवखा एपेक्स फार लवकर गाठतो, कारण वळण दिसताच वळायचा मोह होतो. मग बाहेर पडताना रस्ता संपतो आणि चाकं गवतावर जातात. थोडं उशिरा वळलं तर वळणात वेग किंचित कमी राहतो, पण बाहेर पडताना गाडी लवकर सरळ होते आणि पुढच्या पूर्ण सरळ पट्ट्यावर तो फायदा मिळत राहतो.

आता ब्रेक. चालकासकट ११०० किलोची गाडी शहरात ताशी ५० वरून थांबवली तर ब्रेकला साधारण १०६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. तीच गाडी ट्रॅकवर १४० वरून ६० वर आणली तर ६८० किलोज्यूल, म्हणजे सहापटीहून जास्त. आणि एकदा नाही, प्रत्येक फेरीत अनेकदा. घरच्या गाडीचे ब्रेक ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांत सुटतात ते यामुळे. सुटण्याचे दोन प्रकार आहेत आणि पायाला ते वेगळे जाणवतात. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण बुडबुडे दाबले जातात आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं असा मानकाचा नियम आहे. पाणी शोषलेल्या अवस्थेसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली बाटली म्हणूनच वापरू नये. ऑटोक्रॉस किंवा ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी चालवायच्या दिवशी, स्वतःची गाडी नेणार असाल तर जाण्याच्या आठवड्यात सीलबंद बाटलीतलं ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्या. पेडल मऊ झालंच तर भराभर दोन-तीनदा दाबून पाहा, थोडा ब्रेक मिळतो. मग बाजूला होऊन एक पूर्ण फेरी हळू मारा, म्हणजे वारा लागून ब्रेक निवतील. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत संघ गाडीवर काम करतात त्या जागेत, आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले तर तेवढ्याच जागी उष्णता कोंडते आणि पॅडचा थर डिस्कला चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे उटी लावा.

टायरच्या हवेचंही असंच. सकाळी ३० अंश तापमानाला ३० पीएसआय हवा भरली आणि धावून टायरमधली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण ३७ पीएसआय होतो. टायर फुगतो, मधलाच भाग रस्त्याला टेकतो आणि गाडी घसरायला लागते. म्हणून हवा थोडी कमी भरून उतरतात आणि सत्र संपताच, टायर गरम असतानाच, मोजतात. संघाकडचा मेकॅनिक हे करतोच, पण आकडे तुम्हीही वहीत लिहा. दुपारी उन्हाने डांबर तापल्यावर सकाळचा आकडा चालत नाही.

अंगावर काय लागतं, आणि बाइकचं हेल्मेट का चालत नाही?

बाइकच्या हेल्मेटची चाचणी आगीसाठी झालेली नसते, आणि पिंजऱ्याच्या नळीवर एकाच जागी पुन्हापुन्हा आपटण्यासाठीही नाही. गाडीच्या रेससाठी एफआयए ८८५९ मानकाचं किंवा स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए वर्गातलं हेल्मेट लागतं. एसए नंतरचा आकडा वर्षाचा असतो, उदाहरणार्थ एसए २०२०. स्नेलचाच एम वर्ग मोटरसायकलचा, तो चालत नाही. लेबल हेल्मेटच्या आत अस्तराखाली चिकटवलेलं असतं, आणि ते फाटलं तर तपासनीस हेल्मेट परत पाठवतो. हेल्मेट घालून डोकं हलवलं तर गालांची कातडी सोबत हलायला हवी. पट्टा बांधून मागून वर ढकललं तर ते निघता कामा नये. चष्मा असेल तर तो घालूनच मापाचं हेल्मेट घ्या.

मानेला आधार देणारी हॅन्स नावाची चौकट खांद्यावर बसते आणि हेल्मेटला दोन दोऱ्यांनी जोडलेली असते. समोरून धडक झाली की धड पट्ट्याने जागेवर राहतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. कवटीच्या तळाशी होणारी जीवघेणी इजा इथेच होते, आणि हॅन्स ती टाळते. सरळ बसायच्या गाडीसाठी साधारण २० अंशांची, रेलून बसायच्या एकआसनी गाडीसाठी ३० किंवा ४० अंशांची घेतात. चुकीच्या कोनाची घेतली तर खांद्याचे पट्टे तिच्यावरून घसरतात.

सूट, हातमोजे, बूट, मोजे, डोक्यावरची कापडी टोपी आणि आतले कपडे यांचं मानक एफआयए ८८५६. आत सिंथेटिक टीशर्ट घालू नये, तो उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. पैसे कमी असतील तर सूट चांगल्या अवस्थेतला वापरलेला घ्या. हेल्मेट मात्र नवंच, कारण आतून चेपलेलं हेल्मेट बाहेरून ओळखता येत नाही.

पट्टा बांधताना आधी कमरेचा, हाडावर टेकेल इतका खाली आणि घट्ट. मग खांद्याचे. उलट केलं तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात.

झेंडे पाठ करायला इतका वेळ का द्यायचा?

कारण नवख्याला दंड होतो तो बहुतेक वेळा इथेच. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे एकत्र हलत असतील तर ट्रॅक अडलेला आहे किंवा मार्शल ट्रॅकवर आहेत, थांबायच्या तयारीने जा. ही बंदी हिरवा झेंडा मागे जाईपर्यंत लागू असते. समोरची गाडी खूपच हळू झाली म्हणून पिवळ्यात पुढे काढली, ही सर्रास होणारी चूक. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू पिटकडे या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा, तेल किंवा पाणी. पांढरा म्हणजे पुढे एखादं हळू चालणारं वाहन. काळा आणि सोबत तुमचा नंबर, तर ताबडतोब पिटमध्ये. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय, तुम्हाला जाणवला नसला तरी.

निळ्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. मागून वेगवान गाडी येतेय असा त्याचा अर्थ. नवखा तो पाहून घाबरतो आणि चटकन बाजूला होतो, नेमका त्याच बाजूला जिथून मागचा जाणार असतो. धडका अशाने होतात. आपली ओळ सोडू नका, सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर किंचित सैल करा. मागच्याला वाट काढता येते, त्याला फक्त तुम्ही कुठे असाल ते ठाऊक हवं.

पहिल्या रेसच्या तीन दिवसांत काय होतं?

शुक्रवारी कागदपत्रं आणि स्क्रुटिनीअरिंग, म्हणजे गाडी आणि अंगावरच्या साहित्याची तपासणी. हेल्मेट, हॅन्स, सूट सगळं एकत्र न्यायचं. नंतर सराव. चालकांची बैठक सक्तीची असते. तिथे पिट लेनची वेगमर्यादा, सुरुवातीची पद्धत आणि कुठल्या कडेबाहेर चाकं गेली तर वेळ रद्द होईल हे सांगतात. उशीर झाला तरी दंड आहे. शनिवारी पात्रता फेरी, त्यावरून उभं राहण्याची जागा ठरते. मग रेस, आणि रविवारी उरलेल्या रेस.

सराव सत्रात पहिल्या दोन फेऱ्या फक्त पाहण्यासाठी ठेवा: मार्शल कुठे उभे आहेत, ब्रेकसाठी खूण म्हणून कुठला फलक धरता येईल. सावलीची खूण धरू नका, दुपारी ती सरकते. ट्रॅक सिम्युलेटरवर मिळत असेल तर वळणांचा क्रम मुंबईतच पाठ करून जा, पण ब्रेकच्या जागा तिथून उचलू नका.

रेसच्या वेळी आधी एक फेरी रांगेत मारतात, मग आपापल्या चौकटीत थांबतात. पाच लाल दिवे एकेक लागतात आणि एकदम विझतात, तेव्हा निघायचं. गाडी बंद पडली तर दोन्ही हात उंच करून हलवा, जागेवरच राहा. मागच्यांना हात दिसले तर ते वळसा घालून जातात. पहिल्या वळणाला टायर आणि ब्रेक गार असतात आणि पुढे सगळे नेहमीपेक्षा आधी ब्रेक मारतात. सरावातल्या जागेवर ब्रेक मारायला गेलात तर समोरच्याच्या मागच्या चाकावर चढाल. उघड्या चाकांच्या गाडीत चाकाला चाक लागलं की मागची गाडी हवेत उडू शकते.

गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ठेवा. ब्रेक लागलेली गाडी एका ठरावीक वाटेने घसरते आणि मागचे तिला चुकवू शकतात. मध्येच ब्रेक सोडला तर ती अचानक भलत्याच दिशेला जाते. थांबल्यावर मार्शलकडे पाहा, तो खूण करेल तेव्हाच निघा. गाडी सोडावी लागली तर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि काढलेलं स्टीअरिंग परत बसवा, नाहीतर ओढून नेता येत नाही.

चेन्नईच्या उन्हात सूट घालून बसल्यावर घाम इतका जातो, की शेवटच्या फेऱ्यांत नजर मंदावते. आदल्या दिवसापासून पाणी आणि ओआरएस घेत राहा. जेवण रेसच्या दोन तास आधी, हलकं. इडली पुरे.

वय उलटून गेलं असेल तर?

फॉर्म्युला वनचं स्वप्न असेल तर हो, तिथली मुलं सात-आठ वर्षांची असताना कार्टमध्ये बसलेली असतात. हौशी रेसिंगला मात्र पस्तिशी-चाळिशी अडवत नाही. अजित कुमार यांचा जन्म १९७१ चा आहे. मान, खांदे आणि पायाची ताकद यासाठी मात्र आधी तीन-चार महिने व्यायाम हवा. छोट्या एकआसनी गाडीत ब्रेकला बूस्टर नसतो, सगळा जोर पायाचाच.

धोका आहे, तो नाही असं कोणी सांगू नये. घरच्यांना समजावण्यापेक्षा एखाद्या स्पर्धेला सोबत न्यावं. तपासणीत परत पाठवलेली हेल्मेटं आणि झेंडा न पाहिल्याबद्दल कापलेली वेळ त्यांनी स्वतः पाहिली, की नियम कागदावरचे नाहीत हे त्यांना दिसतं.

चेकर्ड झेंड्यानंतर

रेस संपल्याचा हा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला की एक फेरी हळू मारून गाड्या पार्क फर्मेमध्ये उभ्या करतात. ती बंदिस्त जागा आहे, तिथे अधिकाऱ्यांशिवाय कोणी गाडीला हात लावायचा नाही. तुमच्या मेकॅनिकनेही नाही, टायरची हवा मोजायलाही नाही. वजन होतं. मग तात्पुरता निकाल फलकावर लागतो आणि त्यावर वेळ लिहिलेली असते. निकालाविरुद्ध तक्रार करायची तर त्या वेळेपासून तीस मिनिटांत, लेखी आणि शुल्कासह. म्हणून सूट काढायला जाण्याआधी फलक पाहा आणि आपल्या नंबरसमोर दंड लागलाय का ते तपासा. लागला असेल तर कारण विचारून घ्या. निकालाची आणि प्रत्येक फेरीच्या वेळांची प्रत जपून ठेवा: पुढच्या मोसमात वरच्या गटासाठी अर्ज करताना अनुभवाचा पुरावा म्हणून ती लागते, आणि कुठल्या फेरीपासून तुमची वेळ घसरायला लागली हेही तिच्यातच दिसतं.